बाराव्या दिवसाच्या आधी

नर्सनं एक कळ दाबली आणि दोनाचा एक झाला. स्क्रीन तिनं माझ्या बाजूला थोडा वळवून ठेवला होता, म्हणून मला ते दिसलं. नवीन डॉक्टर, म्हणून सगळी माहिती पहिल्यापासून द्यायची होती. कुठल्या गोळ्या, ऑपरेशन कधी झालं, आईला मधुमेह होता का, वडील कशानं गेले. उत्तरं यतीन देत होता. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, इंग्रजी मला कळतं, पण दवाखान्यात माझा मुलगा नेहमी माझ्या आधी बोलतो आणि मी त्याला बोलू देते. अमेरिकेत, सनीव्हेलला येऊन सहा वर्षं झाली, तेवढ्यात ही सवय लागली. मग निळ्या काड्यांचा चष्मा लावलेल्या त्या मुलीनं विचारलं, बाळंतपणं किती? यतीन म्हणाला, "वन." आणि त्याच क्षणी मी म्हटलं, "टू." का म्हटलं ते मला अजून सांगता येणार नाही. माझ्या मनात तसं काही नव्हतं. मी समोरच्या भिंतीवरच्या हाडांच्या सांगाड्याचं चित्र बघत होते. ती मुलगी हसली, तिनं दोन लिहिलं आणि सहज, गप्पा मारल्यासारखं विचारलं, ह्यांचं नाव तर यतीन, मग दुसऱ्याचं काय? मी तोंड उघडलं. तोंडात काही नव्हतं. रिकाम्या डब्याचं झाकण काढल्यासारखं ते उघडंच राहिलं. "सॉरी," यतीन म्हणाला, "शी मीन्स वन." आणि मला मराठीत, हळू आवाजात, "आई, ती तुला डिलिव्हरीज किती झाल्या ते विचारतेय." मग तिनं ती कळ दाबली. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा ती कुठंतरी लिहिली गेली होती आणि चार-पाच सेकंद तिथं होती.

 गाडीत, एल कमिनोच्या रस्त्यावर सिग्नलला थांबल्यावर यतीन म्हणाला, "आई, तू ओके आहेस ना? मागच्या आठवड्यात गॅस चालू राहिला होता, त्याच्या आधी तू चालायला गेलीस आणि रस्ता चुकलीस. मी चिडत नाहीये. फक्त ट्रॅक ठेवतोय." माझ्या लक्षात आलं की हा माझ्या चुका मोजतो आहे, आणि आज त्यात ही तिसरी धरली.  मी म्हटलं, "चुकून नाही म्हटलं मी. तुझ्याआधी एक होती." मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता. "होती म्हणजे?" "अकरा दिवस होती." तो पन्नास वर्षांचा माणूस, कानाच्या वर पिकलेले केस, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून म्हणाला, "म्हणजे मी सेकंड आहे? तू मला कधीच सांगितलं नाहीस? बाबांनीपण?" आणि थोड्या वेळानं, तोच प्रश्न, नर्सचा, "नाव काय होतं तिचं?" मी म्हटलं, "नव्हतं." तो म्हणाला, "असं कसं नव्हतं?" आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. असं कसं नव्हतं, हेच मी चोपन्न वर्षं स्वतःला विचारते आहे. माणूस मेल्यावर त्याचं नाव उरतं. भिंतीवर, रेशनकार्डावर, कुणाच्या तरी बोलण्यात. ज्याला नावच नाही त्याची आठवण धरायची कशाला धरून? डोळे मिटले की मला एक पिवळी कुंची दिसते, तिच्या आत दोन बोटांएवढी हनुवटी दिसते, आणि मग हाक मारायची वेळ येते आणि तिथं ते सगळं विझतं. मी तिला मनात कधी हाक मारली नाही. बाळ म्हणावं तर यतीनही बाळच होता, आणि शाळेतल्या सगळ्या पोरांना मी बाळ म्हणत असे.

मला घरी सोडून यतीन ऑफिसला गेला. जाताना दारातच थांबून म्हणाला, "मी पोर्टलवर करेक्शन टाकतो. दोन करतो." मी मान हलवली. तो गेल्यावर घरात फ्रिजचा आवाज तेवढा राहिला. मला तिथं बसवेना, म्हणून मी खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसले. अकरा वाजता नातेला तिथं येते.

नातेला आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर राहते. जॉर्जियाची. त्या नावाचं एक राज्य इथंही आहे, पण ही त्या दुसऱ्या, डोंगरातल्या देशाची, कुताइसी नावाच्या गावची. मुलगी आणि जावई दोघं कामावर जातात आणि ती तीन वर्षांच्या नातीला सांभाळते. वय माझ्याएवढंच, पण अंगानं थोराड, केस काळेभोर रंगवलेले. आमची ओळख झाली त्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, तुझ्या नावाचा अर्थ काय? अमेरिकेत माझं नाव कसं म्हणायचं ते सगळ्यांनी विचारलं, अर्थ कुणी विचारला नव्हता. मीनाक्षी. मी डोळ्यांकडं बोट केलं, मग दोन्ही तळवे जोडून मासा करून दाखवला. "डोळा, मासा!" म्हणून ती एवढी हसली की नात घाबरून रडायला लागली. मग तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "नातेला. उजेड." आणि नातीच्या डोक्यावर. "म्झिया. सूर्य." म्झिया म्हणायला मला आठवडा लागला. ओठ मिटलेले असतानाच झ सुरू करावा लागतो, तोंडात पाण्याची गुळणी असल्यासारखा. तिचं इंग्रजी मोडकं, माझं पुस्तकी. तिच्या भाषेत तो आणि ती असा भेद नाही, दोघांना एकच शब्द, म्हणून ती इंग्रजीतही सगळ्यांना तोच म्हणते. जावई तो, मुलगी तो, म्झिया तो. त्या दिवशी संध्याकाळी जावई कंपनीच्या शटलमधून उतरला आणि म्झिया "मामा! मामा!" करत धावली. मला वाटलं, नातेलाचा मुलगा आला. "मामा म्हणजे बाप," नातेला म्हणाली. मी म्हटलं, "आमच्यात मामा म्हणजे आईचा भाऊ." "भाऊ?" ती म्हणाली, "मग तुमच्यात बाप कुठं गेला?" आणि पुन्हा हसत सुटली.

हळूहळू नावं हाच आमचा विषय झाला, कारण त्याला व्याकरण लागत नाही. एकानं नाव म्हणायचं, दुसऱ्यानं हातवारे करून अर्थ ओळखायचा. त्सिसाना म्हणजे आकाशाची. गेला म्हणजे लांडगा. लांडगा हे पोराचं नाव? मी तोंड वाकडं केलं तर ती म्हणाली, लांडग्याला कोण नेणार? तिच्या आजोबांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यात गेली, म्हणून त्यांचं नाव कुत्र्याचं पिल्लू अशा अर्थाचं ठेवलं होतं. मरण दाराशी आलं, त्यानं विचारलं आत कोण आहे, घरातल्यांनी सांगितलं कुत्रा, आणि ते परत गेलं. मी तिला सांगितलं, माझ्या वर्गात दगडू होता, धोंडू होता, केरू होता. दगड. कचरा. तिनं माझा हात धरला आणि मान डोलावत राहिली, जणू आम्ही एकाच गल्लीत वाढलो होतो. नीनो ही त्यांची संत, द्राक्षाच्या वेलीच्या दोन काड्या स्वतःच्या केसांनी बांधून तिनं क्रूस केला होता, म्हणून घरटी एक नीनो. आणि केतेवान. हे नाव इराणातून आलेलं. त्या नावाची राणी इराणच्या बादशहानं मारली आणि तिची हाडं पाद्र्यांनी नेऊन ठेवली ती गोव्यात. "तू इंडिया. गोवा तुझा?" नातेलानं विचारलं. मी म्हटलं, माझं माहेर सावंतवाडी, गोवा पलीकडेच. गोवा मुक्त झाल्यावर शाळेच्या सहलीत आम्ही जुन्या गोव्याला गेलो होतो, एका पडक्या बुरुजाच्या सावलीत बसून पोळी आणि गुळांबा खाल्ला होता. नातेलानं फोनवर फोटो काढून दाखवला. तोच बुरुज. तिथंच ती हाडं सापडली, काही वर्षांपूर्वी ती परत तिच्या देशात गेली आणि नातेलानं तो सोहळा टीव्हीवर रडत बघितला. चारशे वर्षं त्या हाडांनी वाट बघितली, मी म्हटलं. "नाव होतं," नातेला म्हणाली. "नाव होतं म्हणून शोधलं. नाव नाही तर हाड फक्त हाड." ती सहज बोलून गेली आणि म्झियाचं नाक पुसायला वळली. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. त्यानंतर दोन दिवसांनी मी तिला सांगितलं. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही एका परक्या बाईला, परक्या भाषेत.

श्रावण होता. आई आधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच, कोल्हापूरला. मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. माझ्या नणंदेचा, सुवर्णावन्संचा. त्या अकराव्या दिवशी सकाळी मिरजेहून एस.टी.नं आल्या, पिशवीत स्वतः शिवलेली पिवळी कुंची, चांदीचे वाळे. बाळाला आदल्या दिवसापासून थोडी कणकण होती, सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. वन्संनी तिला मांडीवर घेतलं, कुंची घालून बघितली. मी म्हटलं, "नाव काय ठरवलंत?" त्या डोळे मिचकावून म्हणाल्या, "आत्ता नाही सांगणार. उद्या पाळण्यात, हिच्याच कानात. आधी हिला कळू दे, मग तुम्हाला." शेजारच्या बिडकरांचा पाळणा आणून ठेवला होता, त्याला झेंडूची माळ बांधून झाली होती. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते. दुपारी तीनच्या सुमाराला बाळाला झटके आले. मनोहर, माझे यजमान, डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत संपलं होतं. इतक्या लहान जिवाचं काही करत नाहीत. मनोहर आणि त्यांचे एक काका तिला घेऊन गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. पाळणा बिडकरांनी दुसऱ्या दिवशी नेला. हरभऱ्यांची आठवण कुणालाच राहिली नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले तर पातेल्यातल्या प्रत्येक हरभऱ्याला पांढरा मोड आला होता. सासूबाईंनी ते गाईला घातले. त्या रात्री मी वन्संना विचारलं, काय ठरवलं होतंत? त्या म्हणाल्या, "विचारू नकोस. नाव दिलं नाही म्हणून सुटली ती. आता नाव घेतलं तर जीव अडकून राहील." मी पुन्हा चार वर्षांनी विचारलं, यतीन झाला तेव्हा. त्याचं नाव त्यांनी बाराव्या दिवसाची वाट न बघता, तो जन्मला त्याच संध्याकाळी, दवाखान्यातच त्याच्या कानात सांगून टाकलं होतं.  तेव्हा त्या नुसत्या उठून बाहेर गेल्या. तिसऱ्यांदा विचारलं ते मनोहर गेले तेव्हा, आठ वर्षांपूर्वी. त्या म्हणाल्या, "मीनाक्षी, अजून तिथंच आहेस?"

नातेलानं हे सगळं ऐकून घेतलं. कितपत कळलं मला माहीत नाही. पण ती म्हणाली, "तो नाव नाही?" आणि मग, मंडईतली बाई टोपली पुढं सरकवते तसे दोन्ही हात माझ्यापुढं पसरून, "आमच्याकडं खूप. घे."

आणि मी घेतली. गेल्या महिनाभर मी रोज एक नाव घेऊन वर जाते. कुणाला हा वेडेपणा वाटेल. पण मराठीतलं एकही नाव मला मोकळं सापडत नव्हतं. छत्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईच्या कानात प्रत्येक नावाला एक चेहरा असतो. आश्लेषा म्हटलं की शेंबूड वर ओढणारी, गणितात हुशार पोर उभी राहते. कादंबरी म्हटलं की दप्तरात चिंचा. शिवांगी तर माझी सूनच. बाकीच्या नावांवर नातेवाईक बसलेले. माझ्या मुलीला द्यायला कुणाच्या अंगावरून उतरवलेलं नाव मला नको होतं. ही जॉर्जियाची नावं कोरी होती. त्सिसाना. मानाना. लेला. स्वयंपाक करताना मी ती जिभेवर ठेवत असे. त्सिसाना मला सगळ्यात आवडलं होतं. ते म्हणताना पहिल्यांदा दात जुळतात आणि मग तोंड उघडत जातं. एकदा घरात कुणी नसताना मी मोठ्यानं म्हणून बघितलं. "त्सिसाना, ये." हॉलमध्ये ऊन पडलं होतं, सोफ्यावर यतीनचं जाकीट होतं. कुणी आलं नाही. म्हणजे कोण येणार होतं? पण जे येतं तेही आलं नाही, ती हनुवटी, ती कुंची. मी केतेवान म्हटलं, नीनो म्हटलं, म्झिया म्हटलं. एकेक नाव तिच्यापर्यंत जाऊन कुलपाला न लागणाऱ्या किल्लीसारखं परत येत होतं. आणि एक दिवस भाजी चिरता चिरता मला कळलं की ही नावं वाईट नाहीत, देणारी चुकीची आहे. आईनं नाव ठेवायचं नसतं. आईनं नुसतं ऐकायचं असतं. नाव एकदा ठरलं होतं, एका बाईच्या मनात ते तयार होतं, पाळण्यापर्यंत आलं होतं. जगात ते फक्त एका जागी होतं आणि त्या जागेचं वय आता एकोणनव्वद होतं.

वन्सं आता प्लेनोला असतात, मुलीकडं. सावनी त्यांची एकुलती एक मुलगी. टेक्सासला मोठं घर, नवरा, दोन मुलं कॉलेजात. सावनी लहानपणी प्रत्येक मे महिन्यात आमच्याकडं येई. तिच्या केसांत उवा झाल्या की मीच काढत असे, आणि गल्लीत खेळायला गेली की जेवायच्या वेळी मीच गॅलरीतून हाका मारत असे. तिच्या बारशाला मात्र मी नव्हते. वन्संचं पोस्टकार्ड बारसं झाल्यावर दोन दिवसांनी पोचलं. घरात त्याची थट्टा चाले. दुसऱ्यांच्या मुलांची नावं हक्कानं ठेवणाऱ्या वन्संनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला आपल्या नणंदेला तोंडही उघडू दिलं नाही, नाव स्वतःच सांगून मोकळ्या झाल्या. सावनी स्वतःही हसते, "मामी, माझा जन्म डिसेंबरचा, मिरजेत कुडकुडणारी थंडी, आणि आईनं नाव काय ठेवलं तर श्रावणातलं, सावनी. कॅलेंडर नव्हतं का गं घरात?" तिचा मेसेज तीन आठवड्यांपूर्वी आला होता. आईला स्ट्रोक आला. दवाखान्यातून घरी आणलंय. हॉस्पिसची नर्स येते. आता काही करायचं नाही म्हणतात. मामी, बोलून घे. मी रोज फोन हातात घेत होते आणि रोज ठेवून देत होते. मरणाऱ्या बाईला काय विचारायचं? तू काय लपवलंस? आणि तिनं चौथ्यांदा नाही म्हटलं तर?

नातेला आली तेव्हा मी तिला दवाखान्यातलं सांगितलं. दोन, मग एक. एका बोटानं हवेत कळ दाबून दाखवली. ती हसली नाही. "आत्या जिवंत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अजून आहे. "फोन." "आत्ता?" "मग कधी? मेल्यावर?" म्झिया तिच्या गुडघ्याशी येऊन काहीतरी मागत होती. नातेला तिला म्हणाली, "बेबो, थांब." हे मी नेहमी ऐकत असे आणि मला ते लाडाचं नाव वाटे. काहीतरी बोलायचं म्हणून, फोन लावणं आणखी थोडं लांबवायचं म्हणून, मी विचारलं, बेबो म्हणजे काय? ती म्हणाली, "आजी." "आजी तर तू आहेस." "हो. म्हणून मी त्याला बेबो म्हणते." मला कळेना. तिनं मग बोटांनी समजावलं. त्यांच्यात आई मुलाला हाक मारते ती देदा म्हणून, आणि देदा म्हणजे आई. बाप मुलाला मामा म्हणतो, आजी नातीला आजी. आपण त्याचे जे कोण असतो, तेच त्याला म्हणायचं. "का?" मी विचारलं. तिनं खांदे उडवले. असला प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. "आपलं आहे, ते त्याला देऊन टाकायचं. आता फोन कर."

मी फोन लावला. प्लेनोला दुपार झाली होती. सावनीचा चेहरा आला, डोळ्यांखाली काळं, केस क्लिपमध्ये कसेतरी अडकवलेले. "मामी! बरं झालं गं केलास. आज सकाळपासून डोळे उघडतेय. पण बोलणं म्हणजे एखादा शब्द, कधी चक्क कानडी. काल फिजिओवाल्याला म्हणाली, बाजूला हो मेल्या." ती हसली आणि हसतानाच तिचा आवाज चिरकला. मग तिनं फोन फिरवला. उंच केलेल्या पलंगावर वन्सं होत्या. केस बारीक कापलेले, चेहरा एका बाजूला उतरलेला. ज्या बाईला मी पन्नास वर्षं घाबरले, ती उशीत बोटभर रुतली होती. "आई, बघ कोण आहे. मीनाक्षीमामी." त्यांचे डोळे आले, माझ्यावर थांबले की नाही कोण जाणे. नातेलानं माझ्या हाताखाली तळवा लावला. मी म्हटलं, "सावनी, मला वन्संना एक विचारायचंय. फोन जरा त्यांच्या कानाशी धर." "स्पीकरवर आहे की." "असू दे. कानाशी धर. आमचं जुनं आहे काहीतरी." "बरं बाई, करा सिक्रेट्स," सावनी म्हणाली आणि माझ्या स्क्रीनवर एक कान आला. एवढा मोठा, एवढा जवळ. पाळीला लोंबणारी कुडीची चीर, आतले पांढरे केस. कुणाच्याही कानात मी कधी काही सांगितलं नव्हतं. तो मान माझा नव्हता. मी म्हटलं, "वन्सं, मी मीनाक्षी. तुम्ही म्हणाला होतात, उद्या पाळण्यात सांगेन. उद्या कधीच होऊन गेला हो. मी पण आता म्हातारी झाले. जीव अडकला तर माझा अडकू दे. मला सांगा. तुमच्या पाया पडते, सांगा मला."

ऑक्सिजनच्या यंत्राचा सुस्कारा येत होता, तेवढाच. म्झियानं एक वाळकं पान आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी फोन बंद करायला अंगठा उचलला आणि तेव्हा वन्सं बोलल्या. आवाज घोगरा होता, पण स्पष्ट. "सावनी." "काय गं आई?" सावनी लगेच म्हणाली. "मी इथंच आहे." "सावनी," वन्सं पुन्हा म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, एकेक शब्द उचलून ठेवत, "श्रावणातली ना ती. पिवळी कुंची तिची." "नाही गं आई, मी डिसेंबरची," सावनी म्हणाली. स्क्रीनवरचा कान हलला, छत दिसलं, मग सावनीचे ओले डोळे. "बघ मामी, सगळं मिक्स होतंय तिचं. माझी कुंची लाल होती, अजून आहे माझ्याकडं."

नातेलाचा तळवा माझ्या हाताखाली तसाच होता. मला ऐकू येत होतं, पण कुठून तरी खालून, विहिरीतून. म्हणजे ते नाव गेलं नव्हतं. दोन वर्षं वन्संनी ते तोंडात धरून ठेवलं होतं आणि मग थुंकून टाकण्याऐवजी स्वतःच्या मुलीला दिलं होतं. चांगलं नाव, वाया कशाला घालवायचं, म्हणून? की ते असं कुठंतरी जगावं म्हणून? मला ते पत्र उशिरा पाठवलं ते लाजेनं की भीतीनं? आणि मी. मी जे शोधत जॉर्जियाच्या डोंगरांपर्यंत गेले, ते प्रत्येक मे महिन्यात माझ्या घरी येत होतं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून उवा काढून घेत होतं. ते नाव मी गॅलरीतून गल्लीभर ओरडले होते. पोस्टाच्या पाकिटांवर लिहिलं होतं, लग्नात साडीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. हजारदा तरी मी तिला हाक मारली असेन आणि प्रत्येक वेळी दुसरी कुणी धावत आली. ती अकरा दिवसांची कुठंतरी मान वळवत असेल का? मला वाटलं आता ओरडावं. सावनीला सांगावं की तुझ्या अंगावर जे आहे ते काढ, ते माझ्या मुलीचं आहे. आणि स्क्रीनवर बावन्न वर्षांची ती बाई बाहीनं नाक पुसत होती, तिची आई पलंगावर संपत होती, आणि तिच्याजवळ त्या नावाशिवाय आईनं दिलेलं आता थोडंच उरणार होतं. तिच्याकडून ते कसं मागायचं? आणि न मागता मी कुठं जायचं?

"मामी?" सावनी म्हणाली. ती आता खोलीबाहेर आली असावी, कुजबुजत बोलत होती. "तिचा डोळा लागला. तुला काय विचारायचं होतं गं?"

"झालं विचारून."

"काही कळलं का तुला तिचं?"

"कळलं."

"रडतेस का? रडू नकोस ना यार, मग मी पण..." तिनं फोन गालाला घट्ट लावला. माझ्या स्क्रीनवर पुन्हा एक कान आला. भरलेला, सावळा, मोत्याची कुडी घातलेला. "नर्स यायची वेळ झाली. ठेवू?"

"ठेव गं, आई," मी म्हटलं.

 पलीकडून तिचा काळजीनं हळू झालेला आवाज, दवाखान्यात यतीनचा झाला होता तसाच. "मामी, अगं मी आहे. मी सावनी बोलतेय."

मी फोन ओठांपाशी आणला. अगदी जवळ, काचेला श्वास लागेल एवढा.

"हो," मी त्या कानात म्हटलं. "सावनी."